गार करून, ताजी असतानाच प्या

मी एक जुनी वाइनची बाटली आहे. 'जुनी' म्हटल्याबरोबर मोठी माणसं कौतुकाने माना डोलावतात. मित्रांनो, माझ्या आयुष्याची वाट त्या डोलणाऱ्या मानांनीच लावली! तुम्ही लहान आहात, तेव्हा तुम्ही नुसती माझी कहाणी ऐका.

माझं माहेर फ्रान्समधलं बोजोले. तिथल्या गुलाबी खडकाच्या टेकड्यांवर गामे नावाच्या काळ्या द्राक्षांची ठेंगणी झुडपं असतात. ती द्राक्षं हाताने खुडतात आणि घडच्या घड पिंपात घालतात. म्हणून आम्ही वाइनही हलक्या, हसऱ्या. त्या भारदस्त वाइन वीस-वीस वर्षं तळघरात तोंड फुगवून बसतात, तसं आमचं नाही. उन्हाळ्यात झाडाखाली टेबल मांडावं, आम्हाला अर्धा तास गार करावं आणि गप्पा मारत संपवावं. माझ्या पाठीवरच्या लेबलावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, 'किंचित गार करून, ताजी असतानाच प्या.'

२००३च्या उन्हाळ्यात मिशिगनमधल्या ट्रॉय गावी एका दुकानातून मला गुरुनाथने उचललं. हा मूळचा नागपूरचा, मोटारींच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा. त्याच दिवशी त्याचा ग्रीन कार्डचा अर्ज गेला होता. घरी येऊन त्याने मला बायकोपुढे नाचवलं.

"मीनाक्षी, कार्ड आलं की ही ओपन करायची! तोपर्यंत जेवढी जुनी होईल तेवढी भारी."

"आणि कार्ड कधी येणार?"

"वर्षभरात येईल, यार."

वर्षभर काय, निघेल, असं मी मनात म्हटलं. मला तांदळाच्या पोत्यामागे ठेवण्यात आलं.

२००४ गेलं, २००५ही गेलं. त्या घरात सगळंच 'कार्ड आल्यावर' होतं. सोफा कार्ड आल्यावर, पडदे कार्ड आल्यावर. नागपूरच्या आईला फोनवर दर रविवारी सांगणं चालायचं, "आई, कार्ड आलं की तुला नायगारा दाखवतो." इकडे माझा लाल रंग विटकरी होत चालला होता. व्हिनेगर होऊन मरायचं की काय, या भीतीने माझी झोप उडाली. मीनाक्षी तांदूळ काढताना मला प्रेमाने थोपटायची, "थांब हं अजून थोडं." अस्सा राग यायचा मला!

२००६च्या जूनमध्ये गुरुनाथची आई प्रतिमाताई सहा महिन्यांसाठी आल्या. त्या कट्टर शाकाहारी. अमेरिकेत कशात काय घालतील याचा नेम नाही, म्हणून घरातल्या प्रत्येक डब्याचं लेबल त्या भिंग लावून वाचायच्या. बिस्किटांत अंडं सापडलं, दह्यात जिलेटिन सापडलं, दोन्ही घराबाहेर गेली. जुलैतल्या एका रणरणत्या दुपारी तांदूळ काढताना त्यांच्या हाताला मी लागले.

गुरुनाथ धावत आला. "आई, ते... गिफ्ट आहे!"

प्रतिमाताईंनी भिंग लावलं होतं. आधी पुढचं लेबल वाचलं, मग मागचं. मीनाक्षीने उगाचच गॅस बंद केला.

"अंडं नाहीये," प्रतिमाताईंनी निकाल दिला. "पण गुरू, हे वाचलंस का? ताजी असतानाच प्या म्हणतात. कधी आणलीस?"

"तीन वर्षं झाली."

"मग ठेवलीस कशाला?"

"कार्ड आल्यावर..."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सोफा कार्ड आल्यावर, नायगारा कार्ड आल्यावर. अरे, मी एकाहत्तरची आहे. माझ्या पाठीवर लेबल असतं ना, तर त्यावरही हेच लिहिलेलं असतं."

मला तर भरून आलं, आणि बूच लावलेल्या बाटलीला ते फार अवघड जातं.

मग मला फ्रिजमध्ये ठेवलं. ओपनर घरात नव्हता. गुरुनाथने बुचात स्क्रू पिळला आणि पक्कड लावून ओढला. अर्धं बूच हातात आलं, अर्ध्याचा चुरा आत पडला. मीनाक्षीने मला स्टीलच्या पेल्यांत गाळलं. बोजोलेच्या लेकीला चहाच्या गाळण्यातून! पण बाल्कनीत वारा सुटला होता, आणि ज्यासाठी माझा जन्म झाला तो उन्हाळा समोर होता. गुरुनाथने घोट घेतला.

"थोडी उतरलीये," तो म्हणाला. "पण आहे. अजून आहे!"

प्रतिमाताई काही प्यायल्या नाहीत. त्यांनी पेला नाकाशी धरला. "अगं, जांभळासारखा वास येतोय." तीन वर्षांत माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

पुढच्याच शनिवारी तिघं नायगाराला गेली. जवळचा रस्ता कॅनडातून जातो, पण पुन्हा व्हिसाची भानगड, म्हणून ओहायोवरून वळसा घालून. प्रतिमाताई निळा रेनकोट घालून चिंब भिजल्या, आणि परत येताना गाडीतही तो काढायला तयार होईनात. कार्ड काही तेव्हाही आलेलं नव्हतं.

आता मी खिडकीत उभी असते, माझ्यात मनीप्लँट लावलाय. मित्रांनो, तुमच्या घरातही कुठल्यातरी पोत्यामागे, कपाटाच्या कोपऱ्यात काहीतरी 'नंतर'साठी ठेवलेलं असेलच. लहान हात तिथवर बरोबर पोचतात. ते बाहेर काढा आणि सगळ्यांसमोर टेबलावर मांडा. मोठी माणसं रागावली तर रागावू देत.

फक्त तिथे बाटली निघाली, तर तिला हात लावू नका. आजीला बोलवा.