दुसरा संगणक

“टेबलावर चाललं म्हणजे चाललं, असं म्हणायचं नाही. गाडीत बसवायचं, स्टार्टर मारायचा, आणि मग बोलायचं.”

बाईंचे वडील जाऊन अकरा वर्षे झाली होती. गाड्यांच्या वायरिंगची कामे करीत ते. आज स्पर्धेच्या फॉर्मवर सही करायला पेन उघडले आणि बाईंना त्यांचा आवाज ऐकू आला. त्यांनी पेन मिटले.

“काय झालं, बाई? पाचच्या आत पाठवायचाय,” रोबोट-स्पर्धेच्या संघाची कॅप्टन म्हणाली. तिचे लक्ष घड्याळाकडे होते.

रोबोटच्या मुख्य संगणकाला चाके आणि हात सांभाळतानाच नाकी नऊ येत. कॅमेऱ्यातून भिंतीवरची खूण ओळखायला जोडीला दुसरा छोटा संगणक हवा होता. टेबलावर दोन होते. पंखावाला मोठा सेकंदाला तीस चित्रे बघे, लहान जेमतेम आठ. फॉर्मवर एकाचेच नाव द्यायचे, आणि एकदा दिले की बदल नाही.

बाईंनी मोठा ठरवला होता. प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी, सगळ्यांची चिमणी, तेव्हा म्हणाली होती, “बाई, याला वीज फार लागते. जोरात निघालो की बंद पडेल.”

“विजेचं मला नको शिकवूस. तू आधी तुझा प्रोग्रॅम नीट लिही,” बाई म्हणाल्या होत्या. चारचौघांत. सव्वीस वर्षे वर्कशॉपमध्ये शिकवणाऱ्या बाईंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच चढला असेल. चिमणी चार दिवस आली नव्हती. उद्या सामना, आणि तिच्याशिवाय तो प्रोग्रॅम कोणाला धड कळत नव्हता.

“मोठा आपण कशावर तपासला गं?” बाईंनी विचारले.

“भिंतीच्या प्लगवर.”

“रोबोटच्या बॅटरीवर?”

“नाही.” कॅप्टन बॅटरी आणायला उठली.

त्यांनी मोठा संगणक रोबोटवर चढवला. रोबोट झपकन निघाला, फळीला धडकला, चाके रेटू लागली, आणि मोठ्याचा दिवा विझला. पुन्हा सुरू व्हायला त्याला दीड मिनिट लागले.

“सामना अडीच मिनिटांचा,” कॅप्टन म्हणाली. “याची झोप होईस्तोवर आपण घरी!”

मध्ये वीज सावरणारे यंत्र बसवायला ना जागा होती, ना वेळ.

“लहान लाव,” बाई म्हणाल्या. “चिमणीच्या प्रोग्रॅमचं कार्ड आहे ना त्यात?”

रोबोट निघाला, धडकला, रेटू लागला. लहान्याचा हिरवा दिवा जरा मंदावला, पण टिकला. मग वळून रोबोट खुणेकडे गेला आणि वीतभर अलीकडे नेमका थांबला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही.

“आठच चित्रं, पण पुरली की!” कॅप्टन टाळ्या पिटत म्हणाली. “खूण काय पळून जाणारे?”

बाई स्टुलावर बसल्या. देवाने वेळेत जागे केले, एवढेच त्यांच्या मनात आले. चार दिवसांचे छातीवरचे ओझे उतरले होते. फॉर्मवर त्यांनी लहान्याचे नाव लिहिले, सही केली आणि तो कॅप्टनकडे पाठवायला दिला. पाच वाजायला अकरा मिनिटे होती. मग त्यांनी चिमणीला फोन लावला.

“हां बाई,” पलीकडून बारीक आवाज आला.

“लहान घेतला गं. तुझं बरोबर होतं. चूक माझी होती.”

“धडकवून बघितलात?”

“तीनदा.”

“मग आता बंद करा, बाई. उगाच बॅटरी उतरेल.”

बाईंना हसू आले. “तू घरीच आहेस ना? मी येते.”

“अहो, फोनवर सांगितलंत की. येते मी उद्या.”

“चारचौघांत बोलले होते, ते फोनवर कसं मागे घेऊ? तुझ्या आईसमोर सांगते. शब्द दिला.”

“बाई, आम्हीपण येतो,” कॅप्टन म्हणाली.

“तुम्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावा.”

बाईंनी साबणाने हातावरचे ग्रीस धुतले, पदर नीट केला, चपला घातल्या, आणि दार हलकेच ओढून घेत त्या जिना उतरू लागल्या.