मागच्या चाकापाशी

शालिकरामनं आधी बोनेटवर तळहात ठेवला आणि मग गाडी विकायला आलेल्या मुनीमजीकडे पाहिलं.

"गरम आहे."

"धूप में खड़ी है, भाई."

"धूप से पत्रा गरम होता, मुनीमजी. ये तो अंदर से गरम है. सबेरे चालू करके रखी ना?" शालिकराम हसला. "अब ठंडी होने दो. थंडी गाडी कशी उठते ते पाह्याचं आहे मले."

मुनीमजीनं दुसरीकडे तोंड फिरवलं. मागच्या चाकापाशी सावलीत बसून मृदंगाची वादी ताणत असलेला चंपत खो खो हसला. "मुनीमजी, आमच्या शालिक्याले नोका फसवू. हा बायको पाह्याले गेला होता तं तिचे बी दात मोजून आला."

"मोजले म्हनून तं बरं झालं. अजून एक नाई पडला," शालिकराम म्हणाला.

गाडी लढाईच्या काळातली. मिलिटरीनं मोडीत काढलेली, पण चारही चाकांना इंजिनाचा जोर. राजहऱ्याच्या डोंगरात लोखंडाचा दगड शोधणाऱ्या सर्वेवाल्यांसाठी एका ठेकेदारानं तिच्या पाठीवर लाकडी खोली चढवली होती. आत झोपायला लोखंडी चौकटीच्या चार फळ्या, दिवसा उचलून भिंतीला कडीत अडकवायच्या. पाण्याची टाकी, स्टोव्हचा कोपरा, खिडकीला जाळी. पोलादाच्या प्लांटची पहिली भट्टी पेटून दोन वर्षं झाली, सर्वे संपला आणि गाडी खुर्सीपारच्या मैदानात येऊन उभी राहिली.

ती घ्यायची होती श्यामराव बुवांच्या भजन मंडळाला. बुवा प्लांटच्या स्टोअरमध्ये नोकरीला; पण कमरेला उपरणं बांधून, हातात चिपळ्या घेऊन उभे राहिले की तो माणूस वेगळाच. एखादं आख्यान लावत तेव्हा दिवसभर गरम लोखंडाशी झुंजून आलेली माणसं लेकरासारखी रडत. भंडाऱ्याकडची माणसं पोटासाठी कुठं कुठं पांगली होती. राजहऱ्याच्या खाणीत, नंदिनीच्या चुनखडीत, रस्त्यावरच्या कँपांत. बुवा म्हणत, त्यांना कीर्तनाला येता येत नाही, तर कीर्तनानंच जावं. आजवर मंडळी गिट्टीच्या ट्रकवर बसून गेली होती. मागच्या पावसाळ्यात बुवांची छाती भरली ती त्यामुळंच.

शालिकराम प्लांटच्या गॅरेजात मिस्त्री होता. सगळं मंडळ त्याच्या एका शब्दावर थांबलं होतं.

इंजिन थंड झाल्यावर त्यानं हँडल मारलं. गाडी तिसऱ्या फिरकीला उठली. धूर आधी पांढरा आला, मग विरळ झाला. त्यानं रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहिलं. पुढची चाकं उचलून हलवली. रेतीच्या ढिगावर गाडी घातली, गिअरचा दांडा ओढला आणि चारही चाकं जोर लावतात याची खात्री केली. लाकडी खोलीच्या कोपऱ्यांत नख रुतवून पाहिलं. छतावर बादलीभर पाणी ओतून खाली आत बसून राहिला. एका जागी थेंब गळला. तेवढं डांबरानं भागणार होतं.

राहिली चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा. ज्यावर सगळा भार, ते खालचे दोन लांब लोखंडी दांडे. शालिकराम हातोडी घेऊन पुढून, पाठीवर सरपटत आत गेला. मारत मारत चालला. ठण्ण. ठण्ण. तडा गेलेलं लोखंड फुटक्या टाळासारखं बोलतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. टाळ तो लहानपणापासून धरत आला होता.

निम्म्यावर पोचला आणि वरून घंटी वाजली.

त्या दिवशी एकादशी होती. गाडी पसंत पडणारच या भरवशावर बुवांनी घरची पितळेची विठ्ठल-रखुमाई आणून मागच्या खोलीत पाटावर बसवली होती. अक्षता वाहिल्या, नारळ ठेवला. एकदा असं मांडल्यावर संध्याकाळच्या आरतीपर्यंत देव हलवायचे नाहीत, ही बुवांच्या घरची रीत. आणि आता तो पाट बरोबर शालिकरामच्या तोंडावर होता. मध्ये फक्त फळ्या.

त्यानं हातोडी उचलली. खालून ठोकायचं म्हणजे देवाच्या आसनावर घाव घालायचा. हात वरच राहिला. बॅटरीच्या उजेडात त्याला पुढं, मागच्या चाकाजवळ, डाव्या दांड्यावर वीतभर काळा रंग दिसला. बाकी सगळीकडे गंज आणि तेवढाच तुकडा तुकतुकीत, तडा लपवायला रंगवतात तसा. दुसऱ्या कोणत्याही गाडीखाली तो पहिल्यांदा तिथंच गेला असता.

वर बुवा हळू आवाजात नामस्मरण करत होते. आरती झाल्यावर पाहू, असं मनाशी म्हणून शालिकराम आल्या वाटेनं बाहेर आला.

"काय म्हनते गाडी?" बुवांनी दारातून वाकून विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की शालिकरामला त्यांच्याकडे नीट पाहवेना.

"मस्त आहे, बुवा."

"खालून पाह्यली?"

"हाव."

"पुरी?"

चंपतनं मृदंगावरची मान वर केली. शालिकराम सदरा झटकत म्हणाला, "हाव बुवा. पुरी."

संध्याकाळी गाडीसमोरच मैदानात कीर्तन झालं. चंपतचा हात त्या दिवशी असा काही चालला की बुवा चरण म्हणता म्हणता थांबले आणि नुसते ऐकत राहिले. डाव्या हाताची ती घुमारेदार थाप ज्यानं एकदा ऐकली त्याला ती छातीत ऐकू येते. शालिकरामचे डोळे वाहत होते. आरती कधी झाली आणि हातोडी कुठं राहिली, त्याला भानच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बुवा म्हणाले, "देवाले आता इथंच राहू द्या. फिरतं देऊळ झालं आपलं." मग देव कधी खाली उतरलेच नाहीत. शालिकराम रोज म्हणे, बुवांना सांगून पाट जरा सरकवू. पण सांगायचं म्हणजे आधी 'पुरी पाहिली नव्हती' हेही सांगावं लागणार. तीन महिने गेले. गाडी पाच गावं फिरून आली, काही झालं नाही. मग त्यालाही वाटू लागलं की पाहिली होती.

रामनवमीला राजहऱ्याच्या कँपात कीर्तन ठरलं. शालिकराम स्वतः चालवत होता. सकाळची वेळ, कोरडा नाला, वाटीएवढे दगड. त्यानं गाडी अगदी हळू उतरवली. काठ चढताना मागून एकच आवाज आला. कट्.

मागची बाजू बसली. खोली एका अंगावर कलली आणि पाट घसरला. चंपतनं दोन्ही हात पुढं करून देव धरले. त्याच वेळी भिंतीवरची लोखंडी चौकट कडी तोडून खाली आली.

देवांना काही झालं नाही.

प्लांटच्या दवाखान्यात चंपतच्या डाव्या हाताची तीन बोटं काढली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं. शालिकरामची बायको मथुरा रोज डबा घेऊन जायची. घरी येऊन सांगायची, "भाऊजी हसतात वो. मले म्हनतात, वैनी, आता भाकर मोडाले दोन बोटं बहुत झाली." शालिकराम ताटावरून उठून जायचा.

त्याला कोणी बोल लावला नाही. बुवा म्हणाले, "जुनं लोखंड, बापा. तू काय करशील." गाडी नाल्याकाठून ओढून आणली आणि थेट भंगारात गेली. मंडळ पुन्हा गिट्टीच्या ट्रकवर बसू लागलं.

पुढच्या वर्षीची तीच एकादशी. शालिकराम जुनवानीला एकाची जीप पाहून थेट कीर्तनाला आला होता. आता तो कोणाचीही गाडी पाहायला गेला की बोनेटकडे जायच्या आधी मागून खाली शिरे. चंपत मंडपाच्या कडेला परातीत कणीक घेऊन बसला होता. मृदंगाच्या डाव्या अंगाला ती लावावी लागते, तेव्हा कुठं आवाज घुमतो. वाजवणारा आता विजयकुमार नावाचा पोरगा होता. कणीक मात्र चंपतच लावायचा. एका हातानं मळताना परात सरकत होती.

शालिकराम समोर बसला. परात धरली. मग म्हणाला, "चंपत, मी ते गाडी पुरी नोती पाह्यली."

"मले मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"मी मांगच्या चाकापाशीच बसलो होतो ना बे. तू पुढून गेला अन् पुढूनच निंघाला. तुही हातोडी माह्यापर्यंत आलीच नाई." चंपत कणीक दाबत राहिला. "वर घंटी वाजली अन् ठोका बंद झाला, ते बी आयकलं मी. मृदंगवाल्याले ठोका चुकलेला समजते."

"मंग बोलला कावून नाई?"

चंपतनं पाण्याचा हात लावला.

"बुवाचं तोंड पाह्यलं होतं तू त्या दिवशी? अन् मलेबी गाडी पाह्यजेच होती, शालिक्या. ट्रकवर मृदंग उन्हात तडकून जाये." त्यानं कणीक उलटली. "तू देवाले भेला. मी तुले भेलो. एवढा मोठा मिस्त्री, चारचौघांत त्याले खोटं कसं म्हनू."

"माह्या हातानं झालं, चंपत."

"पानी जास्त झालं. सैल होऊन राहिली."

तेवढ्यात बुवांनी चिपळ्या वाजवल्या. विजयकुमारनं मृदंग पुढं ओढला, चंपतनं कणीक लावून दिली आणि तो शालिकरामसोबत मागं सरून बसला. गजर सुरू झाला. पोराचा उजवा हात चांगला होता. डावा अजून यायचा होता.

शालिकरामच्या सदऱ्याला पाठभर जुनवानीची लाल माती लागली होती. ती तो हल्ली झटकत नसे. चंपतनं ती पाहिली आणि बसल्या बसल्या डाव्या हातानं झटकू लागला. एकदा, दोनदा. मग झटकणं थांबलं आणि हात पाठीवर तालात पडू लागला, जिथं थाप हवी होती बरोबर तिथं. अंगठा आणि एक बोट.

शालिकराम ताठ बसून राहिला. टाळ मांडीवर होते, ते त्यानं उचलले नाहीत. चंपतचा ठेका चुकेल म्हणून श्वाससुद्धा हळू घेत होता.