अप्पांचं हसायचं राहिलंय

"अप्पा, श्वास नका घेऊ. काच धुरकटतेय."

पेटीतून उत्तर आलं नाही. मढ्याने उत्तर द्यायचं नसतं, एवढं अप्पांना चांगलं ठाऊक होतं. पण त्यांच्या नाकासमोरची काच पुन्हा धुरकट झाली आणि त्यांच्या लेकीने, इसक्कीने, कपाळावर हात मारला.

"कट."

अप्पांनी आतून काच वर ढकलली आणि ते उठून बसले. कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचा हार, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेली पांढरी पट्टी. पट्टीमुळे तोंड उघडेना, तेव्हा ती खाली ओढून म्हणाले, "किती वेळ दम धरू गं? माझ्या गिऱ्हाइकांना ही अडचण नसते."

कॅमेऱ्यामागे जेबराज खो-खो हसला. आवाज टिपायला बसलेल्या मुप्पिडातीने कानावरचा हेडफोन काढून त्याच्या पाठीत एक रट्टा घातला. दोघं इसक्कीच्याच वर्गातली. आज तिघांनीही कॉलेजला दांडी मारली होती, आणि मुप्पिडातीचा फोन सकाळपासून थरथरत होता.

अप्पांचा धंदाच तो. पाळैयंकोट्टैच्या वेशीबाहेरच्या त्या वस्तीत कुणी गेलं, की डॉक्टरच्या पाठोपाठ फोन जायचा सुडलैमुत्तूला, म्हणजे अप्पांना. प्रेत ठेवायची थंड पेटी, मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळं त्यांच्याकडून भाड्याने मिळे. स्मशानातल्या देवाचं नाव आईबापांनी ठेवलं आणि पोराने ते असं निभावलं, यावर ते स्वतःच विनोद करत. फक्त चार वर्षांपूर्वी एकदा ही पेटी त्यांच्याच ओसरीवर लागली, इसक्कीच्या अम्मासाठी. त्या दिवसावर मात्र त्यांनी कधी विनोद केला नाही.

त्या दिवशी बायका गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि रिवाजाप्रमाणे तिथेच थांबल्या. इसक्की थांबायला तयार नव्हती. पेरियप्पांनी, म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावाने, हात आडवा धरला. मुलगा नसलेल्या घरात पुतण्या अग्नी देतो, म्हणून त्यांचा उलगनाथन चेन्नईहून आला होता. कोपऱ्यावरून इसक्कीला दिसली ती फक्त त्याची पाठ, आणि गळ्यात लोंबणारी इयरफोनची वायर. ती वायर तिच्या डोक्यातून काही केल्या जाईना. तिसऱ्या वर्षाला फिल्म करायची वेळ आली तेव्हा तिने दुसरा विषय शोधलासुद्धा नाही. तिच्या फिल्ममध्ये मुलगी घाटावर जाते, खांद्यावर पाण्याचा घडा घेऊन बापाभोवती फिरते आणि अग्नी देते. बस, एवढीच गोष्ट.

एचओडी सरांनी पटकथा वाचून चष्मा काढला होता. "विषय बदल. पाणी वाचवा, झाडं लावा, असलं काहीतरी घे. स्मशानात मुलगी नेलीस की उद्या माणसं कॉलेजच्या दारात येतील. तुझी हजेरी आधीच कमी आहे, आणि वर हे."

"बरं सर," इसक्की म्हणाली, आणि पटकथेतला एक शब्दही तिने बदलला नाही. कॅमेरा मागताना विषय सांगितला, नदीकाठचं जीवन. त्यात खोटं काहीच नव्हतं. स्मशान नदीकाठीच होतं.

कॅमेरा मिळाला तो आजच्या दिवसापुरता. संध्याकाळच्या आत परत करायचा होता आणि पुढचे दोन आठवडे दुसऱ्या मुलांची पाळी होती. तोवर फिल्म जमा करायची तारीख उलटून जाणार. नायिका होणाऱ्या मुलीने काल रात्री कळवलं, घरचे नको म्हणतात, घडा खांद्यावर घेतलेल्या मुलीला सून कोण करून घेईल. मग इसक्कीने तिची साडी स्वतः नेसली. आणि मढं? ते तर कुणीच व्हायला तयार नव्हतं. शेवटी अप्पाच म्हणाले, "मी झोपतो. पण सगळं झाल्यावर मला हसू द्यायचं. कॅमेरा चालू ठेवून."

सिनेमात मढं झालेल्या माणसाने शेवटी कॅमेऱ्याकडे बघून हसायचं असतं. नाहीतर सोंग अंगाशी येतं. मोठ्या स्टुडिओतला हिरोदेखील हे चुकवत नाही. इसक्कीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण अप्पांच्या हसण्याला ती कशाला नाही म्हणेल.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली. पट्टी नीट बांधली, अप्पांना झोपवलं, काच लावली आणि पेटीशेजारी मांडी घालून बसली. जेबराजने मान हलवली. कॅमेरा चालू झाला.

तेवढ्यात दारातून पेरियप्पा आत आले.

वेलायुधम पेरियप्पा सेवानिवृत्त कंडक्टर. आयुष्य भरल्या बसमध्ये ओरडण्यात गेलं होतं, त्यामुळे घरातही ते शेवटच्या सीटवरच्या माणसाशी बोलल्यासारखे बोलत.

"काय चाललंय हे? जिवंत माणसाच्या गळ्यात मढ्याचा हार! आणि घाटावर कोण जाणार म्हणे, ही? माझ्या भावाला अग्नी द्यायला माझा मुलगा काय मेला…" बोलता बोलता भलतंच निघालं म्हणून त्यांनी स्वतःच्याच गालावर चापट मारून घेतली.

जेबराजने इसक्कीकडे बघितलं. कट म्हणायचं काम तिचं होतं. ती म्हणाली नाही. बसल्या जागेवरून तिने मान वर केली.

"उलगू अण्णा अम्माच्या वेळी आला होता, पेरियप्पा. अग्नी दिला आणि संध्याकाळच्या बसने गेला. अस्थी गोळा करायलासुद्धा थांबला नाही."

"त्याला रजा नव्हती."

"मला होती. मला कोपऱ्यावर अडवलंत. तुम्हीच अडवलंत, हात आडवा धरून."

"ती रीत आहे, पोरी."

"रीत तुमची असेल. अम्मा माझी होती."

पेरियप्पा वळले पेटीकडे. "मुत्तू, ऊठ. ऐकतोयस ना पोर काय बोलतेय? ऊठ म्हणतो ना."

अप्पा उठले नाहीत. सगळं ऐकत होते, एकेक शब्द कानावर पडत होता, पण डोळ्याची पापणी हलली नाही. पेरियप्पांनी काचेवर बोटाने टकटक केलं. काच स्वच्छ होती.

"मुत्तू?"

आता त्यांचा आवाज पहिल्या सीटपर्यंतसुद्धा पोचला नसता. ते वाकले, दोन्ही तळहात काचेवर ठेवले. "ए मुत्तू. अरे बोल की."

"कट," इसक्की म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली.

अप्पा धडपडत उठले आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "शॉट आला का रे?" त्यांनी जेबराजला विचारलं.

"आला अप्पा. काचेवर डाग नाही."

पेरियप्पा मागच्या खुर्चीत मटकन बसले. अप्पांच्याच भाड्याच्या खुर्च्यांपैकी एक. मुप्पिडातीने त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. ते प्यायले नाहीत, नुसता धरून बसले. मग एकदम म्हणाले, "हस."

"काय?"

"आधी कॅमेऱ्याकडे बघून हस. तुला माहीत नाही का? हस लवकर, मग तुझ्याकडे बघतो."

अप्पांनी भावाकडे बघितलं, मग लेकीकडे. चार वर्षांपूर्वी ते ओसरीवर कोसळून पडले होते, म्हणून कोपऱ्यावर काय झालं ते त्यांना नंतर लोकांकडून कळलं. त्यावर ते आजवर चकार शब्द बोलले नव्हते. आता ते सावकाश पुन्हा पट्टी बांधू लागले.

"काम संपलं की हसेन, अण्णा. मधेच हसलो तर मेलेला माणूस जिवंत व्हायचा. मग तिरडीवर कोण झोपणार?"

"म्हणजे तोवर…"

"तोवर मी मेलेलाच. तिने घाटावर घडा टाकला की हसतो."

"आणि मधल्या वेळात काही झालं तर?"

"म्हणून म्हणतो, तिला आडवं येऊ नका. लवकर उरकू दे."

पेरियप्पा दात-ओठ खाऊन उठले आणि दाराकडे निघाले. उंबऱ्यापाशी थांबले. भाऊ हार नीट करत होता, तोंडावर हसण्याची खूणसुद्धा नव्हती. त्यांनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. शेवटी म्हणाले, "गाडीत मला जागा आहे का?"

टेम्पोत मागे तिरडी, तिरडीवर अप्पा, उशाला पेरियप्पा. खड्डा आला की ते भावाच्या डोक्याखाली हात घालत. मुप्पिडातीचा फोन पुन्हा थरथरला. तिने स्क्रीन बघून चेहरा पाडला. "मॅडमचं सेमिनार सुरू झालंय. आपण कुठे आहोत विचारतायत. काय सांगू?"

"घरी मयत आहे म्हणून सांग," इसक्की म्हणाली.

"कोणाची, असं विचारतील."

"अप्पांची."

"त्यावर हजेरी मिळते का बघा," तिरडीवरून आवाज आला.

"तू गप्प पड रे," पेरियप्पा ओरडले. "मेलायस ना? मग बोलतोस कशाला?"

ताम्रपर्णीच्या घाटावर गोवऱ्यांची चिता रचून तयार होती. आग खरी लावायची नव्हती, तो शॉट नंतर रिकाम्या चितेवर उरकणार होते. पण स्मशानाचा राखणदार फाटकातून हटेना. साडी नेसलेल्या, मोकळ्या केसांच्या इसक्कीला त्याने पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मग तिच्याशी न बोलता पेरियप्पांकडे बघितलं. वस्तीतली सगळी कार्यं पेरियप्पांच्या शब्दावर चालत. त्यांनी नाही म्हटलं की संपलं. उन्हं कलायला लागली होती, कॅमेरा पोचवायचा होता, आणि दुसरा दिवस मिळणार नव्हता.

पेरियप्पांनी तिरडीकडे बघितलं. अप्पा डोळे मिटून निपचित पडले होते, ओठ घट्ट.

"जाऊ दे तिला," पेरियप्पा म्हणाले. "नाटक आहे."

"नाटक नाही, पेरियप्पा," इसक्की म्हणाली. "फिल्म आहे." आणि फाटकातून आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा.

दर फेरीला घड्याला कोयत्याने भोक पाडायला जेबराजचा एक रूममेट आणला होता. त्याने असलं काही उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. इसक्कीने भरलेला घडा डाव्या खांद्यावर घेतला, अप्पांभोवती पहिली फेरी सुरू केली, आणि त्या बहाद्दराने कोयता उगारला तो थेट घड्याच्या गळ्यावर.

"अरे ए, थांब," पेरियप्पांना राहवलं नाही. ते फ्रेममध्येच घुसले. "मान उडवतोस का तिची? कोयत्याची मागची बाजू घ्यायची. पोटावर मारायचं, हलकेच. दे इकडे."

"पुन्हा पहिल्यापासून," इसक्की म्हणाली. दुसरा घडा भरून आणला. कॅमेरा चालू झाला आणि कोयता पेरियप्पांच्या हातात राहिला. त्यांना बाजूला व्हा असं कुणी म्हटलं नाही, तेही झाले नाहीत.

पहिली फेरी. टक्. पाण्याची धार इसक्कीच्या पाठीवरून खाली आली. थंडगार पाणी, साडी अंगाला चिकटली. दुसरी फेरी. टक्. घडा हलका व्हायला हवा होता, पण तिचा खांदा भरून आला होता. आज ती फिल्म करत होती, शॉट कसा आला, उजेड पुरतोय का, याचा विचार करायला हवा होता. त्यातलं काहीच तिला सुचत नव्हतं. अम्माची आठवण येत होती, आणि राग येत होता, चार वर्षांचा. तिसरी फेरी. टक्.

"आता पाठ कर," पेरियप्पा म्हणाले. हे वाक्य पटकथेत नव्हतं. त्यांच्या तोंडून ते घाटावर अनेक मुलग्यांनी ऐकलं होतं, मुलीने कधीच नाही. "पाठ कर, घडा मागे सोड. आणि चालत राहा, पोरी. काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही."

तिने पाठ केली. घडा सोडला. तो फुटल्याचा आवाज आला आणि ती चालू लागली. समोर फाटक, फाटकापलीकडे रस्ता. कॅमेरा तिच्या पाठीवर होता.

मागे पेरियप्पांचा आवाज आला. "मुत्तू, झालं. घडा टाकला तिने. आता हस."

काहीच ऐकू आलं नाही.

"हस की रे. कबूल केलंस ना?"

इसक्कीला वळून बघावंसं इतकं वाटलं की मान दुखायला लागली. ती वळली नाही. एक दिवस असंच चालायचं होतं, हाच रस्ता, हीच ओली पाठ, आणि मागून कुणी काही बोलणार नव्हतं.

"हे बघ, इकडे बघ माझ्याकडे," पेरियप्पा काहीतरी करत असावेत, कारण मुप्पिडाती फिसकन हसली. लहानपणी करायचे तसलं काहीतरी तोंड केलं असेल.

मग अप्पा हसले. आधी खोकल्यासारखं, पट्टीतल्या पट्टीत. मग पट्टी सुटली असावी, कारण ते मोकळं, मोठ्याने हसायला लागले, इसक्कीने अम्मा गेल्यापासून ऐकलं नव्हतं तसं. त्यात पेरियप्पांचाही आवाज मिसळला, आणि ते हसतायत की रडतायत, काही कळेना.

"इसक्की," जेबराजने मागून हाक मारली. "कट ना?"

ती फाटकापर्यंत आली, फाटकाबाहेर पडली. पाठीवरून पाणी निथळत होतं. मागे अप्पा हसत होते. ती चालत राहिली आणि कट म्हणाली नाही.