खाऊच्या खोक्यातली न खायची पुडी

बोलतेय मी, पण जरा लांबूनच ऐका. मी एक पुडी आहे. बोटभर लांब, दोन बोटं रुंद, पांढऱ्या कागदाची. माझ्या पोटात कळीचा चुना आहे, कोरडा, भट्टीत भाजलेला, अजून पाण्यात न विरवलेला. जपानहून अकोल्याला मी खाऊच्या खोक्यातून आले, पण मी खाऊ नाही. आयुष्यभर मला एवढं एकच सांगायचं होतं, आणि ऐन वेळी नेमकं तेच सांगता आलं नाही.

मी भित्री आहे, हे आधीच कबूल करते. डोंगरातला दगड होते तेव्हा अशी नव्हते. मग लोकांनी फोडून भट्टीत घातलं, अंगातलं सगळं काढून घेतलं, आणि तेव्हापासून मला पाण्याचं भय बसलं. पाणी लागलं की मी तापते, फुगते, उकळते आणि जवळ असेल त्याला भाजते. माझ्या मनात असो नसो, ते होतंच.

मग अशा बाईला खाऊत कशाला ठेवायचं, असं तुम्ही विचाराल. हवेतला ओलावा मी गुपचूप ओढून घेते, म्हणून शेजारचा खाऊ कुरकुरीत राहतो. एवढंच माझं काम. माझ्या अंगावर लाल जपानी अक्षरात छापलंय, खाऊ नका, पाणी लावू नका. तिकडे शेंबडं पोरही ते वाचतं, त्यामुळे तिकडे मी निर्धास्त होते.

मला तांदळाच्या भाजक्या पापडांच्या पाकिटात बसवलं, आणि ते पाकीट एके दिवशी नीलमनं उचललं. नीलम अकोल्याची. तीन वर्षांपासून जपानात म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करते. त्यांना न्हाऊमाखू घालते, घास भरवते. सुटीच्या दिवशी तिनं एक मोठं खोकं घेतलं आणि आपल्या घरच्यांसाठी बारा तऱ्हेचा खाऊ भरायला बसली.

पोरगी मोठी काळजीची. घरात जपानी कुणाला वाचता येणार, म्हणून तिनं प्रत्येक पाकिटावर मराठीत चिठ्ठी चिकटवली. एका गोळ्यांच्या डब्यावर लिहिलं, ‘चिकट आहे, घशात अडकते, आजीला देऊ नये.’ सुकवलेल्या फळावर, ‘खूप आंबट.’ आमच्या पाकिटावर, ‘तांदळाचे भाजके पापड. फिके आहेत, आजीला चालतील.’ तिच्या पेनाचं टोक मला आतून टोचत होतं. मी म्हणत होते, अगं बाई, माझ्याबद्दलही दोन शब्द लिही ना. पण मी पाकिटाच्या आत. तिला मी दिसलेच नाही. त्या क्षणापासून माझ्या जिवाला घोर लागला.

अकराव्या दिवशी आम्ही अकोल्यात पोचलो. मे महिना होता. खोकं उघडलं आणि मला हसू आलं. या हवेत ओलावा कुठून आणायचा? मी तर बेकारच झाले. ओलावा होता तो एका कूलरपाशी, आणि कूलरसमोर खाटेवर सुंदराबाई पडलेल्या असायच्या. नीलमची आजी. वय ऐंशीच्या घरात. एका डोळ्याचं ऑपरेशन फसलेलं, दुसऱ्यानं सगळं धुरकट दिसायचं.

घरात दुसरे शेषराव, म्हणजे सुंदराबाईंचा मुलगा आणि नीलमचे वडील. एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त. नीलमची आई बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी नांदगाव खंडेश्वरला गेली होती, म्हणून आठ दिवस स्वयंपाकघर शेषरावांच्या ताब्यात. गड्याला उत्साह दांडगा. खोकं एकदम संपवायचं नाही, रोज चार वाजता चहाबरोबर एकच पाकीट फोडायचं, बायकोचा वाटा आधी डब्यात काढायचा आणि मगच आपण खायचं, असा नियम त्यांनी घालून घेतला.

पहिल्या दिवशी हिरवं चॉकलेट निघालं. सुंदराबाईंनी तोंडात धरलं आणि मेथीच्या भाजीत साखर टाकली का, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी ते आंबट फळ. शेषरावांचा एक डोळाच मिटला, पण म्हातारीनं दोन मागून घेतली. लाल दाण्यांचं पुरण भरलेली वडी दोघांनाही पुरणपोळीच्या नात्यातली वाटली. घरात मजा चालली होती आणि मी मात्र पाकिटात दबून बसले होते. चार वाजले की खोक्यात हात यायचा, कुठल्या पाकिटाला लागतो याकडे माझे प्राण लागायचे. हात दुसऱ्याच पाकिटाला लागला की मी दिवसभरापुरती सुटायची.

पाचव्या दिवशी शेवया निघाल्या, उकळून खायच्या. त्या पाकिटात तीन छोट्या पुड्या होत्या. शेषरावांनी तिकीट फाडावं तशा एका झटक्यात तिन्ही फाडल्या आणि पातेल्यात ओतल्या. चव फक्कड झाली. बोटं चाटत ते आईला म्हणाले की जपानी लोक मोठे हुशार, पाकिटात पुडी देतात. पुडी टाकली की चव येते.

हे ऐकून माझं धाबं दणाणलं. मीही पाकिटातली पुडीच की. त्या तिघी मसाल्याच्या होत्या आणि मी जाळणारी, पण बाहेरून आम्ही बहिणी दिसतो. नीलमनं चिठ्ठी लावली म्हणजे आतलं सगळं खायचंच, असा शेषरावांचा लेकीवर विश्वास. तोच विश्वास मला भिववत होता. अविश्वासू माणूस निदान वास तरी घेऊन बघतो.

सातव्या दिवशी हात आमच्या पाकिटाला लागला.

शेषरावांनी एक पापड खाऊन पाहिला आणि तोंड वाकडं केलं. चिठ्ठीत लिहिलंच होतं, फिके आहेत. आता वऱ्हाडातल्या माणसाला फिकं खायला सांगणं म्हणजे शिक्षाच. त्यांनी सगळे पापड परातीत चुरले. कांदा चिरला, दोन हिरव्या मिरच्या घातल्या, कोथिंबीर घातली. भेळ होणार होती. परात मस्त भरली तशी त्यांची नजर रिकाम्या पाकिटात गेली आणि मी दिसले.

त्यांनी मला उलटीसुलटी करून पाहिलं. लाल अक्षरांवरून अंगठा फिरवला. मी जीव खाऊन ओरडले, वाचा हो, कुणाला तरी विचारा, फोन करा. पण कागदाला कुठलं आलंय तोंड? लाल रंग आहे म्हणजे तिखट मसाला असेल, असं ते स्वतःशीच म्हणाले. आणि मला फाडलं.

माझं अर्धं पोट परातीत गेलं. ओल्या कांद्याचा स्पर्श झाला आणि माझ्या अंगात कालवाकालव सुरू झाली. मग त्यांनी वरून अख्खं लिंबू पिळलं. झालं. मी तापायला लागले, फुगायला लागले. चर्र आवाज झाला, वाफ निघाली. मला थांबता येत नव्हतं. नको नको म्हणत होते आणि पेटत चालले होते. शेषराव हातानं कालवत होते, त्यांची बोटं मी भाजत होते. त्यांना वाटलं मिरची झोंबली.

आणि सांगू का, ते खूश झाले हो. विस्तव नाही की काही नाही आणि भेळ गरम! नीलमला सांगितलंच पाहिजे, म्हणाले. त्यांच्या त्या आनंदाची मला जेवढी भीती वाटली तेवढी पाण्याचीही कधी वाटली नव्हती.

या घरात पहिला घास म्हातारीचा. शेषरावांनी चमचा भरला आणि कूलरसमोरच्या खाटेशी गेले. आईला हाक मारून म्हणाले, आ कर. सुंदराबाईंनी अर्धवट झोपेत तोंड उघडलंही.

मी त्या चमच्यात होते. दात नसलेलं तोंड, मऊ हिरड्या, ओली जीभ, सगळं मला समोर दिसत होतं. आत गेले तर काय होईल, ते मला पक्कं ठाऊक होतं. देवाधर्माचं मला कळत नाही, पण त्या क्षणी मी कुणाचा तरी धावा केला. माझी वाफ म्हातारीच्या नाकाशी गेली, तेवढंच काय ते माझ्या हातात होतं.

सुंदराबाईंनी तोंड मिटलं. नाक वर केलं. एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं. आणि त्या धुरकट डोळ्यांच्या बाईनं चमच्यावर असा फटका मारला की मी भिंतीपर्यंत उडाले.

“शेषू, चुना व्हय हा. तू खाल्ला काय? सांग मले, खाल्ला काय?”

शेषरावांनी नाही म्हणून मान हलवली. 

“हात दाखव. पाण्यात नोको घालू अजून. आधी कोरड्या फडक्यानं झाडून काढ, मंग नळाखाली धर. मी म्हणीन तवाच काढजो.”

शेषराव साठीचे, पण लहान पोरासारखे नळाशी उभे राहिले. म्हातारीनं त्यांना बराच वेळ हलू दिलं नाही. बोटांची सालं लाल झाली होती, त्यापलीकडे काही नाही. मग तिनं काठी टेकत येऊन परातीवर कोरडं ताट झाकलं आणि कुणी हात लावू नये म्हणून स्वतःच तिथे बसून राहिली.

तेव्हा मला तिची ओळख पटली. तीस वर्षं या बाईनं लोकांची घरं चुन्यानं पांढरी केली होती. पहाटे उठून पिंपात कळीचा चुना विरवायचा आणि दिवसभर कुंचा मारायचा. तिच्या बोटांच्या बेचक्यांत माझ्याच जातीच्या जुन्या खुणा होत्या. तिच्या जोडीच्या पार्बताबाईचा डोळा चुना उडूनच गेला, हे तिनं त्या दिवशी मुलाला पहिल्यांदा सांगितलं. डोळ्यांनी दिसत नसलं म्हणून काय झालं, तो वास ती विसरणार थोडीच.

साडेपाचला नीलमचा फोन आला, चेहरा दिसणारा. तिची ड्युटी नुकतीच संपली होती. ‘जय भीम बाबा,’ म्हणाली आणि आज काय खाल्लं ते विचारलं. शेषरावांनी भाजलेला हात पाठीमागे घेतला. पापड छान होते म्हणाले. माझं उरलेलं पोट म्हातारीनं एका बरणीत ठेवलं होतं, तिथून मी पाहत होते, माणूस सरळ खोटं बोलत होता. मला राग आला, पण कारणही दिसत होतं. पोरगी घाबरली तर खोकं पाठवणं बंद करेल. चार वाजताचा तो चहा, ते फोडायचं पाकीट, लेकीच्या हातच्या चिठ्ठ्या, सगळं बंद होईल. माझ्याइतकाच भ्यालेला माणूस मी त्या घरात तेव्हा पाहिला.

सुंदराबाईंनी फोन मागून घेतला आणि सगळं सांगून टाकलं. काही राखलं नाही.

 पलीकडे नीलम रडायला लागली.

“आजी, मी आठ म्हाताऱ्यायच्या तोंडात काय जाते ते दिवसभर पाहून रायली इथं. आताच एकीच्या मुठीतून अशीच पुडी सोडवून आली. अन् माह्या घरी तुह्या तोंडाशी मीच धाडली.”

म्हातारीनं फोन छातीशी धरला, जशी नातच धरली.

“तू चिकट गोळीचं ध्यान ठेवलं ना मायासाठी? मंग. एक राह्यलं. पुढच्या खोक्यात लिहिजो.”

पुढच्या खोक्यात, हे शब्द ऐकले आणि शेषराव तिथेच जमिनीवर बसले. पाठीमागचा हात त्यांनी पुढे आणून लेकीला दाखवला. मग तेही रडले.

माझं उरलेलं अर्धं पोट सुंदराबाईंनी कोरड्या बरणीत घालून, झाकण लावून वर ठेवलंय. उद्या सकाळी अंगणात लोखंडी घमेल्यात त्या मला विरवणार आहेत. शेषरावांना लांब उभं राहायला सांगितलंय. मी विरले की अंगणातल्या एखाद्या कुंडीला चुन्याचा एक हात मारायला पुरेन, जास्त नाही. पाणी पडणार, मी उकळणार आणि मग कायमची गार होणार. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण आता ही भीती माझ्यापुरती आहे, कुणाच्या तोंडासाठी नाही.

जाता जाता एवढंच. तुमच्याकडे कुणी लांबून, मायेनं खाऊ पाठवला आणि त्यात माझ्यासारखी एखादी निघाली, तर पाठवणाऱ्याला आधी फोन करा आणि ही कोण म्हणून विचारा. त्यात कसली आली लाज? तेवढं विचारलंत, तर माझ्या कुठल्याही बहिणीला कुणाच्या म्हाताऱ्या आईच्या ओठाशी जाऊन असं थरथरावं लागणार नाही.