तीन दिवसांचा वाटाड्या

गाडी थांबवायला लावून म्हस्कू उतरला आणि लंगडत जाऊन उघड्यावरच्या एका चुलीची राख चाचपू लागला. मोटारीतले पुण्याचे पाहुणे कौतुकानं बघत होते. वाटाड्या लांडग्याचा माग काढतोय, असं त्यांना वाटलं. राख कालचीच होती. म्हस्कूनं लगबगीनं मोटार पुढं घ्यायला लावली.

बारामतीच्या मोहनरावांनी जुनी मोटार घेऊन नवंच खूळ काढलं होतं. शहरातल्या हौशी मंडळींना तीन दिवस इंदापूरकडचा कोरडा माळ हिंडवायचा, माळढोक, चिंकारा आणि दैवात असलाच तर लांडगा दाखवायचा, मुक्काम देवळात. माळ ठाऊक असलेला माणूस हवा म्हणून त्यांनी काटेवाडीच्या मळ्यात राखणीला बसलेला म्हस्कू धनगर गाठला. तो एका शब्दात तयार झाला.

त्याचंही कारण होतं. पाय अधू झाला तशी मेंढरं सुटली, मग बायको गेली आणि बोलायला माणूस उरलं नाही. उरली होती एक लेक. तिसरीही मुलगीच म्हणून तिचं नाव नकोशी ठेवलेलं. थोरल्या दोघी देवीच्या साथीत गेल्या, नको म्हटलेली तेवढी हाती राहिली. माणसाला शहाणपण येतं ते असं, उशिरा. तीही मेंढरांमागं फिरणाऱ्या घरात दिलेली. तीन वर्षांत गाठ नव्हती. तिला मूल झाल्याचं बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. दसरा झाला की त्यांची मेंढरं कोकणात उतरणार, आणि त्या पायानं म्हस्कू काही तिला गाठणार नव्हता.

पाहुण्यांना मात्र त्यानं फसवलं नाही. सणसरच्या पुढं माळढोक दाखवला, चिंकारे दाखवले. फक्त वाट धरायची ती मेंढरं चरतात त्या अंगाची. संध्याकाळी देवळात हसणं-खिदळणं चाले, तेव्हा तो एकटाच बाहेर पायरीवर बसून राही.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेकाडावरून कळप दिसला. मोटारीचा आवाज ऐकताच तो ओढ्याकडं पळत सुटला. मोटार म्हणजे साहेबाची स्वारी; ती आली की चांगलं कोकरू फुकट जातं, तेव्हा दिसताक्षणी ओढा गाठायचा. लेकीला हे म्हस्कूनंच शिकवलं होतं.

मोटार बंद करायला लावून त्यानं हाक मारली. वारा उलटा होता. एका वयस्कर पाहुण्यानं आपली दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लावून दिली, आणि नकोशी एकदम समोर आली. वाळली होती पार. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेलं पोर, आणि लगाम ओढत ती जिवाच्या आकांतानं पळत होती. बापापासूनच.

मोहनरावांनी पुन्हा मोटार सुरू केली. "आबा, बसा. घटकंत आडवं जातो त्यास्नी."

"नगं," म्हस्कू म्हणाला. "घोडं बुजंल. वर लेकरू हाय."

शेवटचं मेंढरू ओढ्यात उतरेपर्यंत तो बघत राहिला. कोण होतं, असं त्या पाहुण्यानं हळूच विचारलं.

"लेक माजी," दुर्बीण परत देत तो म्हणाला. "बरी हाय."

मग तो मोहनरावांशेजारी जाऊन बसला आणि हात करून ओढ्याच्या उलट्या अंगाची वाट दाखवू लागला. तिकडं चिंकारे दिसतील, म्हणाला.