दुर्बिणीवर बसवलेला टॉर्च

शशिकांत गोडबोले जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात अठरा वर्षं ब्रॅकेट डिझाइन करत होता. इंजिनाच्या थरथरीत कुठला स्क्रू कधी सैल पडणार, हे तो ड्रॉइंग बघूनच सांगायचा. रायनर त्याच कारखान्यातून टूलमेकर म्हणून निवृत्त झालेला, अडुसष्ट वर्षांचा. गावाबाहेरच्या जंगलपट्ट्याचे शिकारीचे हक्क त्याच्याकडे होते. त्यानेच मागे लागून शशिकांतला परवान्याच्या परीक्षेला बसवलं आणि पास झाल्यावर स्वतःच्या वडिलांची रायफल वापरायला दिली.

त्या वर्षी रानडुकरांत साथ पसरली आणि रात्रीही त्यांना मारता यावं म्हणून रायफलीवर दिवा लावायला परवानगी मिळाली. दोघं रायनरच्या तळघरात, वर्कबेंचवर रायफल ठेवून बसले.

"दस्त्याच्या खालून पट्टी लावू," शशिकांत म्हणाला. "नळीला समांतर. दोन स्क्रू घातले की टॉर्च कायमचा पक्का."

"म्हणजे लाकडाला भोकं पाडणार?"

"दोनच. चार मिलिमीटरची."

"नाइन. नाही." रायनरने अक्रोडाच्या दस्त्यावर तळहात ठेवला. "रायफलीच्या दुर्बिणीवर रिंग लाव. सगळे तसंच लावतात."

शशिकांतने रिंग हातात घेतली. हलकं ॲल्युमिनियम, एकच स्क्रू, आतून गुळगुळीत. ही गोळीच्या धक्क्याने फिरणार, हे त्याला लगेच कळलं. तो म्हणाला, "आल्झो, बरं, लावू या."

सरावाच्या मैदानावर तीन गोळ्या झाडल्या, तेव्हा तिसऱ्या गोळीला टॉर्च केसभर सरकला. रायनर निशाणाकडे बघत होता. शशिकांतने स्क्रू आवळला, पण तो काही बोलला नाही.

घरी त्याने बायकोला, ऊर्मिलाला, सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग तिथेच बोलायचं ना."

"त्याच्या वडिलांची वस्तू आहे, अगं. एकदा नाही म्हणाला, परत कसं सांगायचं?"

डिसेंबरात एका संध्याकाळी साडेपाचला रायनरचा फोन आला. बाहेर काळोख पडला होता. रस्त्यावर गाडीने एक मोठा रानडुक्कर उडवला होता. त्याचा मागचा पाय मोडला होता आणि तो फरपटत बागांच्या कुंपणामागच्या काटेरी जाळीत शिरला होता. पोलिसांनी रायनरला बोलावलं होतं.

"सकाळपर्यंत थांबू," शशिकांत म्हणाला.

"सकाळी सातला मुलं त्याच वाटेने शाळेत जातात. ये लवकर."

रस्त्यावर एक तरुण पोलीस बाई गाडीचे दिवे लावून थांबली होती. रायनरने जाड लोकरीचा कोट घातला होता, हातात कुत्रीचा दोर. फ्रिडा जमीन हुंगत पुढे ओढत होती. शशिकांत त्याच्या उजवीकडून रायफल घेऊन चालला. टॉर्चच्या उजेडात काट्यांवर रक्त दिसत होतं, आधी थेंब थेंब, मग हातभर रुंद पट्टा.

फ्रिडा थबकली आणि भुंकू लागली. दहा पावलांवर जाळी हलली.

"मार!" रायनर ओरडला.

डुक्कर तीन पायांवर बाहेर आला, पण आला तो सुसाटच. शशिकांतने चाप ओढला. गोळी खांद्याखाली लागली, डुक्कर गुडघ्यावर आला आणि परत उठला. त्याच क्षणी टॉर्च गर्रकन फिरला. सगळा उजेड वर, बीच झाडांच्या उघड्या फांद्यांत गेला. खाली काहीच दिसेना.

आवाज मात्र सगळे येत होते. फ्रिडाची किंकाळी मध्येच तुटली. काहीतरी जड रायनरवर आदळलं. मग कापड टरकन फाटल्याचा आवाज आला आणि रायनर ओरडायला लागला. शशिकांतने माणसाला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

त्याने दुसरी गोळी चढवली आणि आवाजाच्या दिशेने स्वतःला झोकून दिलं. त्या ढिगात त्याचा डावा हात पडला. हाताला खरखरीत लागलं. ओलं, गरम, हलणारं. सुळ्याने त्याची मनगटावरची कातडी सोलून काढली. त्याने हाताशेजारीच नळी रोवली आणि चाप ओढला.

ते धूड थरथरलं, एकदा पाय झाडले आणि तिथेच पडून राहिलं.

पोलीस बाई टॉर्च घेऊन धावत आली. त्या उजेडात शशिकांतने पाहिलं, रायनरची मांडी गुडघ्यापासून जांघेपर्यंत उघडी पडली होती आणि रक्त ठोक्याठोक्याने उडत होतं. त्याने कमरेचा पट्टा काढून मांडीच्या वर आवळला, गाठीत सुरीची मूठ अडकवून पिळला आणि स्वतःची वळलेली मूठ जखमेत दाबून धरली. "माझ्याकडे बघ," तो म्हणत राहिला. घाईत तो मराठीत बोलत होता, हे त्याला नंतर बाईने ती कुठली भाषा असं विचारलं तेव्हा कळलं. फ्रिडा दोन हात अंतरावर मरून पडली होती.

तीन ऑपरेशनं झाली. पाय राहिला, पण गुडघा वाकेना. नवव्या दिवशी शशिकांत टाके घातलेलं मनगट सांभाळत हॉस्पिटलात गेला. बाजूची खुर्ची ओढून बसला.

"रायनर, ती रिंग फिरणार हे मला माहीत होतं. मैदानावर सरकलेली मी पाहिली होती."

रायनर म्हणाला, "माझी फ्रिडा गेली."

"हो."

"गप्प बसून मान ठेवलास माझा. पाय गेला असता तरी चाललं असतं, पण फ्रिडाने तुझं काय बिघडवलं होतं?" त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "अजून काय सांगितलं नाहीस?"

शशिकांतला उठून निघून जावंसं वाटलं. तो उठला नाही.

"दुसरी गोळी झाडली तेव्हा हाताखाली काय आहे ते मला कळत नव्हतं. डुकराचे केस की तुझा कोट. मी तसाच चाप ओढला."

रायनरने मान वळवली. त्याचे डोळे लाल झाले होते.

"थांबला असतास तर मी मेलो असतो," तो म्हणाला. "पण तू न बघता गोळी झाडलीस, हे माझ्या बायकोला सांगू नकोस."

मग त्याने पाणी मागितलं. शशिकांतने उजव्या हाताने ग्लास धरला आणि दुखऱ्या हाताने त्याच्या मानेला आधार दिला.