शिंप्याने शिवलेला माझा रेनकोट

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि स्वभावाने भित्री आहे. आभाळ जरा काळवंडलं की माझ्या पोटात गोळा येतो. पोट म्हणजे माझी पेट्रोलची टाकी. हसू नका, या टाकीपायीच एकदा आम्ही तिघं बुडता बुडता वाचलो.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या रंगात तोंड दिसायचं. पहिल्या मालकाने मला वाट्टेल तशी दामटली आणि मन भरल्यावर विकून टाकली. मग मी एका शिंप्याच्या हाती आले आणि माझं नशीब उघडलं. हे नवे मालक गळ्यात टेप तशीच ठेवून दुकानाबाहेर यायचे आणि उरलेल्या अस्तराच्या तुकड्याने मला पुसायचे. गिऱ्हाइकांना म्हणायचे, "ही आमची राणी!" आतून मालकीणबाईंचा आवाज यायचा, "राणीचे लाड झाले असतील तर या, काजं राहिलीत!"

लग्नानंतर दोघं कधी फिरायला म्हणून गेलेच नव्हते. शेवटी एकदा ठरलं, तंबू घ्यायचा आणि ओढ्यापलीकडच्या माळावर मुक्काम करायचा. मालकीणबाईंना पोहता येत नव्हतं. ओढा म्हटल्यावर त्या जरा कचरल्या, पण मालक म्हणाले, "अगं, मी आहे ना!"

त्या प्रवासासाठी त्यांनी मला रेक्झिनचा रेनकोट शिवला. दुहेरी शिलाई, टाकीवर अगदी अंगाबरोबर बसलेला, खालून नाड्यांनी आवळलेला. एक सुरकुती दिसेल तर शपथ! मीही गल्लीभर मिरवून घेतलं. पण मित्रांनो, माझ्या टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र आहे. त्यातून हवा आत आली तरच पेट्रोल खाली इंजिनात उतरतं. तेच छिद्र त्या सुंदर रेक्झिनखाली गच्च दाबलं गेलं होतं, आणि मला काही बोलता येत नव्हतं.

थोडं अंतर गेलं की माझा जीव गुदमरायचा आणि मी बंद पडायचे. मालक प्लग काढून पुसायचे. मग नाड्या सोडून, झाकण उघडून पेट्रोल बघायचे. फुस्स करून हवा आत शिरायची आणि मी लगेच सुरू व्हायचे.

"बघितलंस? प्लगच होता!" असं म्हणून ते पुन्हा मला आवळून बांधायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ फाटलं. वाऱ्याने तंबूच्या खुंट्या उपटल्या आणि ओढ्याचं पाणी गढूळ होऊन चढू लागलं. परतीची वाट एकच होती, ओढ्यावरची बुटकी फरशी, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पूल. दोघांनी घाईघाईने सामान बांधलं. मालकांनी पेट्रोल तपासलं आणि नाड्या नेहमीपेक्षा जास्तच घट्ट ओढल्या. फरशी येईपर्यंत माझा श्वास पुरेल का, याच धास्तीत मी धावत होते.

नाही पुरला. ऐन मधोमध मी थांबले. फरशीवरून पाणी वाहत होतं. मालकीणबाई उतरल्या आणि माझं कॅरिअर दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. मालकांनी पुन्हा प्लगला हात घातला.

"अहो, प्लग राहू द्या!" त्या ओरडल्या. "तुम्ही टाकी उघडता, तेव्हाच ही चालते. तेलाच्या डब्याला मी दोन भोकं पाडते ना? एकातून हवा गेली तरच दुसऱ्यातून तेल येतं. हिचं हवेचं भोक तुम्ही झाकून टाकलंय!"

मालकांचा चेहरा उतरला. ते नाड्यांशी झटू लागले, पण भिजलेल्या गाठी काही केल्या सुटेनात.

"कापा ते!"

"थांब गं, सुटतेय."

कात्री त्यांच्या खिशातच होती. पाणी मालकीणबाईंच्या पिंढऱ्यांपर्यंत चढलं, माझ्या सायलेन्सरच्या तोंडाशी आलं. तरी मालकांची बोटं गाठीतच अडकलेली. त्यांच्या हातून इतकं देखणं काम पूर्वी झालं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"कापा हो! माझे पाय सरकतायत!"

तेव्हा कुठे त्यांनी कात्री चालवली. रेक्झिन टरकन फाटलं, झाकण उघडलं, फुस्स! पहिली किक फुकट गेली, दुसरीही गेली. तिसरीला मी सगळा जीव एकवटून सुरू झाले. पलीकडच्या चढावर पोचून आम्ही मागे पाहिलं, तर फरशी पाण्याखाली गेली होती.

मालकांनी मालकीणबाईंकडे वळून विचारलं, "फार घाबरलीस ना पाण्याला?"

"पाण्याला घाबरलेच," त्या साडीचा पदर पिळत म्हणाल्या. "पण तुम्ही कात्री काढत नव्हतात, त्याला जास्त घाबरले."

मालकांनी माझ्या अंगावरचं फाटकं रेक्झिन ओढून काढलं. मलाही त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण तो रेनकोट मलाही आवडायचा.

आता मी दुकानामागे उभी असते. मालकांचे गुडघे किक मारू देत नाहीत. माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना जरूर जपा, मित्रांनो, पुसा, झाका. स्वतःच्या हातच्या कामावरही खूप प्रेम करा. फक्त आपलं माणूस पाण्यात उभं असेल, तेव्हा कात्री लवकर काढा.